देगानियाची सभा

गालीलाचा समुद्र या नावाने ज्या गोड्या पाण्याच्या सरोवराची ओळख मराठी बायबलाच्या वाचकांना पूर्वापार आहे आणि ज्याला इस्राएलातील लोक किन्नेरेत म्हणतात, त्याच्या दक्षिण टोकाशी, यार्देन नदी सरोवरातून बाहेर पडून मृत समुद्राच्या वाटेला लागते त्या जागी, समुद्रसपाटीच्याही सुमारे २०० मीटर खाली गेलेल्या उष्ण खोऱ्यात देगानिया हे गाव वसलेले आहे. लोकवस्ती काही शेकड्यांची, आणि विस्तार एका प्रहरात पायी फिरून व्हावा एवढाच. या गावाला राजधानीचे वैभव नाही की तीर्थक्षेत्राचे माहात्म्य नाही; तरीही विसाव्या शतकात मनुष्याने समतेचे जे प्रयोग ग्रंथांतून उचलून प्रत्यक्ष मातीत उतरविले, त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला या गावाला वगळून पुढे जाता येत नाही, कारण सामुदायिक मालकीच्या ज्या शेतवसाहतींना किबुत्झ म्हणतात त्या साऱ्यांचे मूळ येथे आहे.

हे गाव पाहावे अशी इच्छा माझ्या मनात फार दिवसांपासून होती, आणि ती पुरी होण्याचा योग आला तेव्हा सोबतीला लोद शहरी राहणारे, कोकणातल्या मराठीभाषी ज्यूंच्या बेने इस्राएल समाजाचे एक वयोवृद्ध गृहस्थ लाभले, हे माझे भाग्य. अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म. त्यांच्या आज्यापणज्यांचे तेलाचे घाणे शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शब्बाथ दिवशी, बंद राहत, आणि त्यामुळे त्या भागात या समाजाला शनवार तेली हे नाव पडले होते. ऐन तारुण्यात ते इस्राएलास गेले, हिब्रू शिकले, तेथेच नोकरी करून निवृत्त झाले. पण आगरी-कोळ्यांच्या शेजारात घडलेले त्यांचे मराठी इतक्या वर्षांत तसूभरही पुसले गेलेले नाही, आणि इस्राएलात त्यांच्या समाजाने चालविलेल्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचे जुने अंक त्यांच्या कपाटात नीट बांधून ठेवलेले मी पाहिले. घरची मंडळी त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. देगानियात ज्यांच्याशी माझे बोलणे झाले ते सारे आबांच्या मध्यस्थीने झाले.

तिबेरिया शहर मागे टाकून सरोवराच्या काठाने दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही निघालो, तेव्हा डाव्या हाताला सरोवराचे पाणी आणि त्यापलीकडे गोलानच्या उंच पठाराची करडी कड सतत दिसत होती. सरोवर संपत आले तशा जाळीच्या आच्छादनाखाली वाढविलेल्या केळीच्या बागा आणि सरळ रांगांत उभ्या असलेल्या खजुरी लागल्या. नदीच्या मुखाशी दगडी बांधाचे दरवाजे आहेत. १९३२ साली पिन्हास रुटेनबर्ग या अभियंत्याने खालच्या अंगाला वीज निर्माण करण्यासाठी सरोवराचे पाणी अडवावे व हवे तेव्हा सोडावे या हेतूने हे दरवाजे घातले. पुढे १९६४ मध्ये सरोवराचे पाणी उपसून दूर दक्षिणेपर्यंत नेणारा राष्ट्रीय जलमार्ग सुरू झाला आणि या मुखातून वाहणारी यार्देन अगदी क्षीण झाली. ज्या नदीचे नाव धर्मग्रंथांनी साऱ्या जगात पोचविले, ती येथे एखाद्या पाटाएवढी दिसावी, हे पाहून मन क्षणभर खिन्न झाले. परंतु ज्या कोरड्या मुलखात पाण्याच्या थेंबाथेंबाचा जमाखर्च ठेवावा लागतो तेथे नदीचे भाग्य याहून वेगळे कसे असणार?

देगानियाचा जन्म एका तंट्यातून झाला. या प्रदेशावर अद्याप तुर्की सुलतानाचा अंमल होता, त्या काळात म्हणजे १९०८ साली, आर्थर रुपिन या जर्मन ज्यू विद्वानाच्या हाताखाली ज्यूंना या भूमीत वसवू पाहणाऱ्या झायोनी चळवळीची एक कचेरी याफा बंदरात उघडली गेली आणि त्याच वर्षी किन्नेरेतच्या काठी तिने एक शेतमळा काढला. मळ्यावर रशियन साम्राज्यातून आलेले तरुण मजूर राबत, आणि त्यांच्यावर हुकमत चालविण्यासाठी एक पगारी कारभारी नेमलेला असे. ज्या तरुणांनी घरदार सोडले ते कुणाच्या तरी मुकादमीखाली रोजंदारी करण्यासाठी सोडले नव्हते. त्यामुळे कारभारी आणि मजूर यांचे खटके उडू लागले, आणि १९०९ मध्ये गोष्ट संपावर गेली. रुपिनने यातून जो मार्ग काढला तो कचेरीच्या माणसाला सहसा सुचणारा नाही. यार्देनच्या पूर्व तीरावर उम्म जुनी येथे मळ्याची जी जमीन होती ती त्याने काही मजुरांच्या स्वाधीन केली, वरती कारभारी नेमला नाही, दरमहा ठरावीक रक्कम उचल म्हणून द्यावी आणि वर्षअखेर नफा झाल्यास त्याचा निम्मा हिस्सा त्यांना मिळावा असा करार केला, आणि तुमचे काम तुम्हीच चालवा असे सांगितले. वर्ष सरले तेव्हा हिशेबात शिल्लक निघाली.

या मजुरांच्या जागी ऑक्टोबर १९१० मध्ये हदेरा येथे एकत्र राहणारा, दहा पुरुष आणि दोन स्त्रिया असा बारा जणांचा गट आला आणि त्याने येथे कायमचे राहण्याचा निश्चय केला. प्रारंभी त्यांनी उम्म जुनीच्या अरब वस्तीतल्या मातीच्या झोपड्यांत दिवस काढले. उन्हाळा असह्य, डास अपार, आणि हिवतापाने आळीपाळीने प्रत्येकाला अंथरुणावर पाडलेले. १९१२ मध्ये नदीच्या मुखाजवळील हल्लीच्या जागी दगडी इमारती उठल्या आणि गट तेथे राहावयास गेला. धान्याच्या पिकावर त्यांची सारी भिस्त होती, म्हणून वसाहतीचे नावही त्यांनी धान्यावरूनच ठेवले. जमीन मात्र त्यांच्या नावे कधीच झाली नाही, आणि व्हावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियमच असा होता, की एकदा निधीने घेतलेली जमीन पुन्हा विकावयाची नाही, ती भाडेपट्ट्यानेच कसणाऱ्याकडे राहावयाची. अशा रीतीने मालक नाही, कारभारी नाही, मजुरीची चिठ्ठी नाही, अशी ही वस्ती उभी राहिली. मग आज नांगर कोणी धरावा, खेचर विकत घ्यावे की नाही, आजाऱ्याच्या वाटणीचे काम कोणी उचलावे, हे ठरविणार कोण? याला एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे दिवसभराचे काम आटोपल्यावर भरणारी सर्वांची सभा.

जुन्या चौकात आज आपण जातो तेव्हा काळ्या बसाल्टाच्या भिंती, आखूड खिडक्या आणि मधले मोकळे अंगण दिसते; आणि या अंगणात पहिल्या वर्षांत ज्या वादांनी रात्री जागविल्या असतील त्यांचा विचार मनात येतो. त्यांतला पहिला मोठा वाद स्त्रियांच्या कामाचा. समतेची प्रतिज्ञा करून आलेल्या या मंडळींनीही चूल आणि धुणे स्त्रियांकडे आणि शेत व गोठा पुरुषांकडे अशीच वाटणी आपोआप करून टाकली होती. मिरियम बाराट्झ या तरुणीला ती मान्य होईना. गाईंचे दूध काढणे हे पुरुषाचे काम असे सांगून तिला गोठ्यातून परत पाठविण्यात आले, तेव्हा तिने शेजारच्या अरब बायकांकडून धार काढावयास शिकून घेतले, आणि एका पहाटे इतर जागे होण्यापूर्वीच गोठ्यातले काम उरकून ठेवले. त्यानंतर गोठा पुष्कळ वर्षे तिच्याच देखरेखीखाली चालला. तिचा मुलगा गिदोन हा १९१३ मध्ये देगानियात जन्मलेले पहिले मूल, आणि त्याच्या जन्माने सभेपुढे दुसरा वाद आणला. मूल कोणाचे? त्याचा खर्च आईबापांनी सोसावयाचा की सर्वांनी? आई मुलाला सांभाळीत बसली तर तिचे शेतातले काम बुडाले असे समजावयाचे, की मुलाचे संगोपन हेच काम असे मानावयाचे? योसेफ बुसेल या तरुण विचारवंताने, मुलांचा खर्च सर्वांवर आणि त्यांच्या संगोपनाची जबाबदारीही सर्वांवर, असा पक्ष आग्रहाने मांडला आणि तो अखेर मान्य झाला. बुसेल १९१९ मध्ये तिबेरियाहून नावेने परतताना याच सरोवरात बुडून मेला, तेव्हा तो तिशीही गाठलेला नव्हता. परंतु पुढे अन्यत्र स्थापन झालेल्या कितीतरी वसाहतींत बालकगृहाची जी व्यवस्था आली, तिचा उगम या अंगणातल्या चर्चेत आहे.

गावाच्या एका बाजूला आरन डेव्हिड गॉर्डन याच्या नावाचे, निसर्ग आणि शेती यांच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय आहे. आयुष्यातली पहिली सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे रशियात बैठ्या कारकुनीत घालवून १९०४ साली या देशी आलेला, आणि येथे हातात कुदळ घेऊन तरुणांच्या बरोबरीने राबलेला हा दाढीवाला पुरुष या पिढीचा आचार्यच होता. स्वतःच्या हाताने केलेल्या श्रमाखेरीज मनुष्याचे मातीशी नाते जुळत नाही, आणि जो समाज आपले कष्ट दुसऱ्याकडून करवून घेतो त्याला त्या भूमीवर नैतिक हक्क सांगता येत नाही, ही त्याची शिकवण होती. शेवटची वर्षे त्याने येथे काढली आणि १९२२ मध्ये येथेच देह ठेवला. राहेल या नावाने प्रसिद्ध असलेली कवयित्रीही फ्रान्समध्ये शेतीचे शिक्षण घेऊन १९१९ मध्ये येथे राहावयास आली होती. परंतु तिला क्षय जडल्याचे उघड होताच, लहान मुलांच्या सहवासात तिने राहणे धोक्याचे म्हणून तिला गाव सोडावयास सांगण्यात आले. एकाकी, आजारी आयुष्य कंठून ती १९३१ मध्ये वारली; जवळच्या किन्नेरेतच्या दफनभूमीत तिची समाधी आहे, आणि आज वीस शेकेलच्या नोटेवर तिचे चित्र आहे. सर्वांच्या हिताचा निर्णय एखाद्या दुर्बळ जिवाला किती कठोर होऊ शकतो, याचा हा दाखला देगानियाच्या पुण्याईच्या वहीतून कोणी फाडून टाकू नये.

बारा जणांचे वीस, विसांचे चाळीस होत गेले आणि सभेपुढे नवाच प्रश्न आला. सारे एकमेकांना नावानिशी, स्वभावानिशी ओळखतात, एकाचे दुखणे दुसऱ्याला न सांगता कळते, एवढ्याच आकाराचे कुटुंब राहावे, अशी संस्थापकांची धारणा होती. म्हणून नवे स्थलांतरित आले तेव्हा त्यांना आपल्यात सामावून गाव फुगविण्याऐवजी, १९२० मध्ये आपल्याच जमिनीतून वाटा तोडून शेजारी दुसरे देगानिया वसविण्यात आले. पुढे इस्राएलचा पंतप्रधान झालेला लेव्ही एश्कोल हा या दुसऱ्या देगानियाचा सदस्य. काही जणांना मात्र इतके सामुदायिक जीवन मानवेना. पेरणी-कापणीत सहकार्य असावे पण घर, शेत आणि चूल ज्याची त्याची असावी, असे म्हणणारे १९२१ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी यिज्रेलच्या खोऱ्यात नहलाल ही वेगळ्या धर्तीची वसाहत उभारली. त्यांत श्मुएल दायान होता. त्याचा मुलगा मोशे याचा जन्म १९१५ मध्ये देगानियातच झालेला, आणि त्याचे नाव ठेवले होते मोशे बार्स्की या तरुणाच्या स्मरणार्थ, जो १९१३ मध्ये आजारी श्मुएलसाठी औषध आणावयास गेला असता वाटेत मारला गेला.

दैनंदिन जीवनाची जुनी घडी कशी होती हे एका वृद्ध सदस्य बाईंनी आम्हांस समजावून सांगितले, आणि आबांनी ते मला आपल्या कोकणी ढंगात ऐकविले. उद्या कोणी कोठे कामाला जावयाचे याची यादी आदल्या सायंकाळी भोजनगृहाच्या फळ्यावर लागे, आणि जेवावयास येणारा प्रत्येक जण आधी फळ्यापाशी थांबे. उन्हाचा कडाका होण्यापूर्वी शेतकाम उरकावयाचे म्हणून अंधारातच उठावयाचे. मग न्याहारीला सारे एकत्र, काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह, दही आणि पाव. कपडे सामाईक धुलाईखान्यात जात, आणि परत आले की ज्याच्या त्याच्या कप्प्यात पडत. पगार कोणालाच नसे. गोठ्यात शेण काढणारा आणि शहरात जाऊन गावातर्फे मोठे व्यवहार करणारा या दोघांच्या वाट्याला सारखेच अन्न, सारखेच घर आणि किरकोळ खर्चाला सारखीच रक्कम येई. शनिवारी रात्री शब्बाथ सरला की सभा. “तुम्हांला सांगते,” त्या बाई म्हणाल्या, “एखाद्याला शिकायला पाठवायचे की नाही यावर आम्ही मध्यरात्रीपर्यंत भांडलो आहोत, आणि सकाळी त्याच माणसाशेजारी बसून दूध काढले आहे.” हे त्यांनी अभिमानाने सांगितले, आणि तो अभिमान मला रास्त वाटला.

गावाच्या फाटकाशी एक लहानसा, गंजलेला फ्रेंच बनावटीचा रणगाडा उभा आहे. १५ मे १९४८ रोजी इस्राएल राज्याच्या घोषणेपाठोपाठ शेजारच्या अरब राज्यांच्या फौजा सरहद्द ओलांडून आल्या. सीरियाच्या सैन्याने १८ तारखेस शेजारचे सेमाख घेतले आणि २० तारखेस दोन्ही देगानियांवर हल्ला चढविला. गावकऱ्यांकडे रणगाड्यांशी झुंजण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. त्यांचे शिष्टमंडळ तेल अवीवला जाऊन तोफा मागून आले होते. त्यांत मिरियमचा पती आणि पहिल्या बारांपैकी एक, योसेफ बाराट्झ हा होता. शत्रूला अगदी जवळ येऊ द्या आणि मग लढा, एवढाच सल्ला त्यांना प्रथम मिळाला, आणि तसेच ते लढले. एक रणगाडा खंदकापर्यंत पोचून तेथेच निकामी झाला, आणि त्याच दिवशी उशिराने दाखल झालेल्या जुन्या पहाडी तोफांनी टेकडीवरून मारा सुरू करताच सीरियन फौज मागे वळली. या आघाडीवर धाडलेला सेनाधिकारी होता मोशे दायान, जन्मगावाच्या रक्षणास आलेला. आणि तो दिवस त्याचा तेहतिसावा वाढदिवस होता.

परंतु येथवर आलेल्या प्रवाशाने रणगाडा पाहून परत फिरू नये. थोडे पुढे पूर्वेला जाऊन सेमाखचे जुने रेल्वे स्टेशनही पाहावे. तुर्कांच्या हेजाझ रेल्वेचा हैफाहून सीरियातील दरा गावाकडे जाणारा फाटा १९०५ पासून या स्टेशनावरून जात असे, आणि त्याभोवती भरवस्तीचे अरब गाव होते. १९४८ च्या एप्रिलअखेर युद्धाच्या धामधुमीत तेथील लोक परागंदा झाले आणि त्यांना पुन्हा परतता आले नाही. आज स्टेशनाची काळी इमारत दुरुस्त होऊन उभी आहे, गाव नाही. उम्म जुनीच्या झोपड्यांची कथा थोडी निराळी. त्या काळी या देशात सरकारी दप्तरी जमीन पुष्कळदा शहरात राहणाऱ्या कुणा धनिकाच्या नावे असे, नांगर कुळाच्या हाती असे, आणि खरेदीखतावर सही करताना कुळाला कोणी विचारीत नसे. ज्या सभेने एका खेचराच्या खरेदीसाठी प्रत्येकाचे मत घेतले, त्या सभेत या शेजाऱ्याला जागा नव्हती. गॉर्डनसारख्या माणसाला हा प्रश्न नैतिक आहे हे कळत होते, पण कळण्याने तो सुटला नाही, आणि आजही सुटलेला नाही.

आबांना मी विचारले, की आपली माणसे अशा गावांतून का फारशी दिसत नाहीत? नदीकाठच्या युकॅलिप्टसच्या सावलीत बसून ते शांतपणे बोलले. “आलो तेव्हा मीपण एका किबुत्झात राह्यलो होतो. अर्धा दिवस हिब्रू शिकायची, अर्धा दिवस संत्र्यांच्या बागेत काम. वाईट वागवलं असं नाही म्हणणार. पण आमची बहुतेक मंडळी पाठवली दिमोनाला, बेर-शेव्हाला, लोदला. नवी गावं, नवे कारखाने. तिथं सभा नव्हती, साहेब होता.” पुढे त्यांनी आपल्या समाजाच्या लढ्याची हकीकत सांगितली. बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका घेऊन धर्मपीठाने १९६० नंतरच्या काळात त्यांच्या विवाहांत अडथळे आणले, तेव्हा या मराठीभाषी माणसांनी जेरुसलेमात धरणे धरले, आणि १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे तेथील लोकसभेने, ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे निःसंदिग्धपणे जाहीर केल्यावरच तो प्रश्न मिटला. आबांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मात्र समतेची सभा भरवणे सोपे, तिचे दार सर्वांना उघडणे कठीण, हे त्यांनी आयुष्यातून शिकलेले सत्य होते.

आजचे देगानिया जुन्या घडीप्रमाणे चालत नाही. १९८० नंतरच्या दशकात इस्राएलात चलनवाढ तीन आकडी झाली, बँकांचे कर्ज घेतलेल्या किबुत्झांचे कंबरडे मोडले, तरुण शहराकडे गेले, आणि देशातील सुमारे २७० किबुत्झांपैकी बहुसंख्यांनी एकामागून एक आपली व्यवस्था बदलली. देगानियाची शेती आणि हिऱ्याच्या धारेची हत्यारे घडविणारा कारखाना चालू होता, तरीही हा प्रवाह येथे पोचल्यावाचून राहिला नाही. प्रथम बदल करून पाहून, मग सभेपुढे ठेवून, २००७ मध्ये मोठ्या बहुमताने ठरले की यापुढे ज्याची मिळकत ज्याची त्याने ठेवावी, मिळकतीच्या प्रमाणात गावाच्या निधीत भर घालावी, आणि त्या निधीतून वृद्ध, आजारी व कमी मिळवत्या कुटुंबांना आधार द्यावा. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी हा समाजवादाचा पराभव म्हणून गाजविला. मला तसे वाटत नाही. वेतनाचा नियम बदलला. पण तो कोणा मालकाने लादला नाही, कोणा मंत्र्याने फर्मान काढून बदलला नाही, ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांनीच समोरासमोर बसून बदलला, आणि बदलताना दुर्बळाचा वाटा आधी काढून ठेवला.

देगानियाकडून घ्यावयाचे ते हेच आहे, असा माझा अभिप्राय आहे. सामाईक मालकी, सामाईक चूल, सारखे वेतन ही त्या त्या काळाची साधने होत. ती आली आणि गेली. बारा माणसांनी मुकादमाला नकार देऊन आपला कारभार आपल्या सभेत आणला आणि शंभर वर्षे तो तेथेच ठेवला, हे त्यांचे खरे कर्तृत्व आहे. आणि शेजारच्या अरब कुळाला, क्षयी कवयित्रीला, मागाहून आलेल्या पूर्वेकडच्या बांधवाला त्या सभेत आपल्याइतकी जागा देता आली नाही, ही त्यांची खरी उणीव. मराठी वाचकांपैकी जे कोणी त्या बाजूस जातील त्यांनी तिबेरियाहून परतण्यापूर्वी अर्धा दिवस या दोन गोष्टींसाठी राखून ठेवावा: देगानियाचा जुना चौक पाहावा, आणि सेमाखचे स्टेशनही पाहावे. दोहोंपैकी एकच पाहिले तर देगानिया पाहिले असे होत नाही.